हिमनदीचा आवाज

प्रमोदिनीबाईंनी सकाळी सव्वाआठलाच कानातलं यंत्र बंद करून टाकलं. चहाच्या टेबलावर त्यानं टिंग-टिंग करून बॅटरी संपत आल्याची सूचना दिली होती, आणि जादा बॅटऱ्यांचं पाकीट राहिलं होतं हॅमिल्टनला मुलाच्या घरी, औषधांच्या डब्यात. होकिटिका गाव एवढंसं, दुकानं अजून उघडायची होती आणि व्हॅन दारात उभी. तेव्हा यंत्रात जेवढा जीव उरला होता तेवढा हिमनदीसाठी राखून ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं. धबधबे काय, ठोसेघरचे पुष्कळ ऐकले होते.

बंद करण्याआधी वाटाड्याचं बोलणं मात्र त्यांनी नीट ऐकून घेतलं होतं. विरेमू त्याचं नाव, धिप्पाड माणूस, पायात जँडल्स म्हणतात त्या रबरी चपला. "किया ओरा" असा नमस्कार करून त्यानं दिवसाचा बेत सांगितला. आधी धबधबा, मग ज्वालामुखीचा काळा किनारा, शेवटी हिमनदी. पाऊस चारच्या सुमाराला येईल. पाणी चढलं की दरीतली वाट बंद करतात. म्हणून तीनच्या आत चालायला लागायचं. "बाकी सगळं स्वीट अ‍ॅज," तो म्हणाला, म्हणजे सगळं झकास, आणि हसला.

तीन, हा आकडा बाईंनी मनात गाठ मारून ठेवला.

मुलगा रणजित आणि सून प्राची हॅमिल्टनहून त्यांना घेऊन आले होते. रणजितचा पुण्याच्या कॉलेजातला मित्र गुरुनाथ आणि त्याची बायको सुचित्रा पोरिरुआहून आलेले. सगळ्यांनी सोमवारची रजा टाकली होती. सगळे बाईंशी प्रेमानं वागत होते. पण बाईंना हिमनदीकडे का जायचंय, हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत बाईंनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. दर वर्षी फळ्यावर हिमनदी काढायची. पांढऱ्या खडूनं बर्फ, निळ्यानं भेगा, कडेला तिनं वाहून आणलेल्या दगडगोट्यांचा ढीग. पंचाहत्तर साली आठवी ब मधल्या मंदानं हात वर केला. "बाई, हिमनदी आवाज करते का?" वर्ग खिदळला. बाईंना उत्तर येत नव्हतं. पुस्तकात नव्हतं, बी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं. "आगाऊपणा नको," असं म्हणून त्यांनी मंदाला तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभं केलं. स्वतःला येत नव्हतं त्याचा राग पोरीवर काढला, हे त्यांना त्याच दिवशी घरी भाकरी थापताना कळलं, आणि तेव्हापासून ते बोचत राहिलं ते राहिलंच.

मंदा आता पोवई नाक्यावर झेरॉक्सचं दुकान चालवते. बाईंचा गॅसचा नंबर लावते, पासबुक भरून आणते. निघायच्या आदल्या दिवशी पायाला हात लावून ती म्हणाली, "तिकडं हिमनदी आहे म्हणतात, बाई. ऐकून सांगा हं." हसत म्हणाली. बाईंना काही हसू आलं नव्हतं.

धबधब्यापाशी फोटोंनाच पाऊण तास गेला. पाणी वरून कोसळत होतं आणि बाईंना ऐकू येत होती फक्त दूरवर पिठाची चक्की चालल्यासारखी घरघर. प्राचीनं कानाकडे बोट दाखवून खूण केली. "आई, यंत्र लावा ना!"

"नंतर," बाई म्हणाल्या आणि घड्याळ पाहिलं.

व्हॅनमध्ये गुरुनाथचे विनोद चालले असावेत, कारण सगळ्यांचे खांदे हलत होते. एकदा त्यानं मागे वळून बाईंनाच काहीतरी विचारलं. बाईंनी मान हलवली. पुन्हा सगळे हसले. हसा बाबांनो, पण गाडी हाका.

बारा वाजून गेल्यावर किनारा आला. काळी-करडी वाळू, लाटांनी आणून टाकलेले ओंडके आणि झोंबणारा वारा. इथे डबे खायचे होते. विरेमूच्या हिशेबात त्याला अर्धा तास होता. पण त्या दिवशी महाशिवरात्र होती, सगळ्यांचे उपवास होते, आणि उपवास म्हटल्यावर अर्ध्या तासात काय होणार? सुचित्रानं पोरिरुआहून साबुदाणा भिजवून आणला होता आणि खिचडी गरमच हवी म्हणून छोटी गॅसची शेगडीही. वारा शेगडी विझवायचा. गुरुनाथ टॉवेल धरून उभा राहायचा. शेगडी पेटायची, टॉवेलाचं टोक जळायचं, पुन्हा विझायची. खिचडी कशीबशी झाली तर बटाट्याचा कीस, त्यामागून शिंगाड्याचे लाडू, त्यावर दही. विरेमूनं आपलं सँडविच केव्हाच संपवलं होतं. हातात खिचडीची वाटी धरून तो आकाशाकडे बघत फेऱ्या मारत होता. दोन वाजले. सुचित्रानं चहाचं आधण ठेवलं.

बाई उठल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. यंत्र चालू केलं, कारण आता भांडण होणार होतं.

"काकू, अहो चहा!" सुचित्रा ओरडली.

"चहा पुरे. चला."

"काकू, हिमनदी काय पळून चाललीय का?" गुरुनाथ म्हणाला.

"हो. पळूनच चाललीय. दर वर्षी मागे मागे सरकतेय, पेपरात येत नाही का? आणि हा ज्वालामुखीचा किनारा नव्हे. सहलीच्या पत्रकात काहीही छापतात. ही वाळू डोंगरातून नद्यांनी आणलेली आहे."

गुरुनाथनं निमूट पातेलं उचललं. रणजित गालात हसत प्राचीला म्हणाला, "मी दहावीपर्यंत हे रोज ऐकलंय." बाईंनी यंत्र पुन्हा बंद केलं.

गाड्यांच्या तळावर पोचले तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि डोंगरांच्या माथ्यांवर ढग उतरले होते. विरेमू आता स्वीट अ‍ॅज म्हणत नव्हता. बाईंनी यंत्र चालू केलं. त्यानं सावकाश, बोटानं घड्याळ दाखवत सांगितलं: शेवटच्या टोकापर्यंत आता जाता येणार नाही. साडेतीनपर्यंत जेवढं जमेल तेवढं चाला, तिथून मागे फिरायचं म्हणजे फिरायचं.

"आई, तू गाडीत बस," रणजित म्हणाला. "तुझे गुडघे, हे दगड. मी पळत जाऊन व्हिडिओ काढून आणतो."

"व्हिडिओ शाळेतही दाखवले होते. मला ऐकायचंय."

"काय ऐकायचंय?"

"चालत सांगते."

त्याच्या दंडाला धरून, काठी टेकत, नदीच्या कोरड्या पात्रातून त्या निघाल्या आणि चालता चालता त्यांनी मंदाची गोष्ट सांगितली. रणजित आधी हसला. मग त्यानं दंडावरचा त्यांचा हात जरा घट्ट धरला आणि पावलं उचलली.

साडेतीनला विरेमूनं हात वर केला. समोर दरीच्या शेवटी, अजून कितीतरी लांब, मळकट निळसर बर्फ डोंगरातून खाली लोंबत होता. फळ्यावर त्या काढत तसा तो मुळीच नव्हता. बाईंनी यंत्राची चकती फिरवून आवाज पूर्ण वाढवला. काय ऐकू आलं? सुचित्रा प्राचीला म्हणत होती, "अगं, माझी टोपी घातलीस तर फोटो छान येईल." गुरुनाथ कुणाला तरी फोनवर सांगत होता, "हेवी बर्फ आहे रे, हीप्स! ढिगानं!" प्राची लाडवाचा डबा उघडत होती.

यंत्र टिंग-टिंग वाजलं.

"हाताची घडी!" बाई कडाडल्या. "तोंडावर बोट!"

साताऱ्याच्या वर्गात साठ मुली गप्प व्हायच्या तो आवाज होता. चाळिशी ओलांडलेल्या चौघांनी जागच्या जागी हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. गुरुनाथचा फोन घडीत अडकून बडबडत राहिला, तो त्यानं धडपडून बंद केला. विरेमूनं सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि त्यानंही हाताची घडी घातली.

आता नदीची खळखळ आली. कड्यावरून पडणाऱ्या पाण्याची धार आली. बाईंनी डोळे मिटले. अजून थोडं, अजून थोडं. यंत्र एकदा टिंग झालं आणि मेलं. कानात जुनी घरघर तेवढी राहिली.

त्यांनी डोळे उघडले, आणि त्याच क्षणी पाचही माणसांच्या माना एकदम दरीच्या टोकाकडे वळल्या. बोटं तोंडावर तशीच. प्राचीचे डोळे मोठे झाले. विरेमूनं हळूच मान डोलावली.

बाईंना काहीही ऐकू आलं नव्हतं.

एक थेंब त्यांच्या हातावर पडला. विरेमूनं मागे फिरायची खूण केली. बाईंनी रणजितची बाही ओढली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "कसा होता?"

व्हॅनमध्ये त्यांनी सगळ्यांना तेच विचारलं. प्रत्येकानं त्यांच्या कानापाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं. रणजित म्हणाला, बंदुकीसारखा. सुचित्रा म्हणाली, छे, ट्रकमधून खडी ओततात तसा. गुरुनाथनं थोडा विचार केला. "काकू, आधी लाकडी दार करकरतं तसं झालं. मग धाड. आणि मग बराच वेळ काहीतरी घरंगळत होतं."

गावात आल्यावर बाईंनी फोन काढला. भारतात सकाळ होती. एकेक अक्षर शोधून त्यांनी मंदाला लिहिलं. 'मंदा, हिमनदी आवाज करते. मी स्वतः ऐकला नाही, बॅटरी गेली. दुसऱ्यांनी ऐकला. तुला तेव्हा बाहेर उभं केलं कारण मला उत्तर येत नव्हतं. माझं चुकलं.'

पाऊस काचेवर आपटत होता. बाई फोनकडे बघत बसल्या. दोन वेळा त्यांनी तो बंद करून चालू केला. तिसऱ्यांदा उत्तर आलं.

'अहो बाई!! मैदानावर सातारा-कराड खो-खोची मॅच चालली होती. बाहेर काढावं म्हणून मीच मुद्दाम विचारलं होतं. खिडकीतून नीट दिसत नव्हतं ना. पूर्ण मॅच बघितली.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "कार्टी!" त्या इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की विरेमूनं आरशात बघितलं.

तेवढ्यात आणखी एक ओळ उमटली. 'पण खरंच करते? कसा असतो हो?'

बाई पुढे वाकल्या आणि त्यांनी गुरुनाथच्या खांद्यावर काठीनं टकटक केलं.

"ते दाराचं पुन्हा सांग," त्या म्हणाल्या. "सावकाश सांग. लिहून घ्यायचंय."