तिसऱ्या वळणावरचा पंढरी

ड्रम आडवा झाला तेव्हा तिसऱ्या वळणावर मुरमाची इतकी धूळ उडाली होती, की दोरीमागच्या हजारभर माणसांना हिरव्या जीपची फक्त पाठ दिसली. लोक नाचत होते. "गनू! गनू! गेला रे, पुढं गेला!" असा एकच गलका चालला होता. पंढरी भोईर मात्र दोरीच्या अलीकडे, ड्रमपासून पाच हातांवर उभा होता. जीपचं मागचं डावं चाक ड्रमला घासलं, ड्रम डुगडुगला, कलला आणि पडला, हे त्याने नीट पाहिलं. त्याने पिवळं निशाण वर केलं, धावत जाऊन ड्रम उभा केला, परत जागेवर आला आणि खिशातल्या वहीत लिहिलं : गाडी नंबर अकरा, शेवटची फेरी, ड्रम एक.

अकरा नंबरची गाडी त्याच्या बायकोच्या भावाची होती.

पंढरी कल्याणच्या पुढच्या एका रेल्वे फाटकावर गेटमन होता. लढाईच्या काळात लष्कराने विमानांच्या धावपट्टीसाठी गावची जमीन घेतली. त्यात त्याच्या बापाचे दोन तुकडे गेले आणि भात लावणारा पंढरी निशाण दाखवायला लागला. माणूस बुटका, आवाज हलका. पण फाटक बंद म्हणजे बंद. एकदा एका बड्या अधिकाऱ्याची मोटार त्याने मालगाडी जाईपर्यंत वीस मिनिटं थांबवून ठेवली. अधिकारी तणतणायला लागला तेव्हा पंढरीने केबिनमागच्या वेलावरच्या वालाच्या शेंगा त्याला दाखवल्या आणि विचारलं, "ताज्या हायत. घरी नेता का?" अधिकारी शेंगा घेऊन गेला.

लढाई संपली, विमानं गेली, धावपट्टी तेवढी राहिली. एकावन्न साली मुंबईच्या एका मोटार क्लबाने ती शर्यतीसाठी मागून घेतली. क्लबाचे सेक्रेटरी दस्तूर म्हणून एक उंच, पाठीत वाकलेले पारशी गृहस्थ होते. जागा बघायला येताना तेही फाटकावर अडकले आणि पंढरीचं काम बघत राहिले. जाताना म्हणाले, "डिकरा, एक रविवार आमच्यासाठी निशाण धरते का?"

पंढरीने त्या रविवारी बदली माणूस घेतला आणि तिसऱ्या वळणावर जाऊन उभा राहिला. तिथे मोटारी काँक्रीट सोडून मुरमावर उतरत आणि तीन रिकाम्या ड्रमांना वळसा घालून परत काँक्रीटवर चढत. ड्रम पाडला तर गाडीच्या वेळेत दहा सेकंद वाढवायचे. ड्रम पडला की नाही हे वळणावरच्या माणसाने सांगायचं आणि त्याचा शब्द शेवटचा, असा नियम होता.

पहिल्या वर्षी गावकऱ्यांना या प्रकाराचा अर्थच लागेना. "येवढ्या जोरात जातात कुठं?" असं गोदूबाईने विचारलं. ही गोदूबाई गावातली साठीची विधवा. उकडलेल्या शेंगांची पाटी घेऊन ती दोरीपाशी बसली होती.

"कुठंच नाय," पंढरी म्हणाला. "फिरून हितंच येतात."

"मंग जातात कशाला?"

पण तिसरी फेरी होईपर्यंत गोदूबाई पाटी सोडून उभी राहिली होती. पुढच्या वर्षी तर तिने सगळे नियम तोंडपाठ केले. शर्यतीत लहान इंजिनाच्या गाड्यांना आधी सोडत, मोठ्यांना मागून, म्हणजे शेवटी सगळ्या एकमेकींच्या आसपास पोचाव्यात. क्लबाचे लोक याला हँडिकॅप म्हणत. गोदूबाईने त्याचं हंडीकाप केलं आणि डोंबिवलीहून, शीळफाट्याहून बैलगाड्या जुंपून आलेल्या पाहुण्यांना ती समजावून सांगायची, "धाकल्याला आधी सोडायचा, थोरल्याला थांबवायचा. थोरला धाकल्याला गाठतो का नाय, येवढाच बघायचा. डोलं मिटू नका."

त्याच वर्षी मुंबईच्या एका साहेबाच्या लाल विलायती मोटारीने ड्रम पाडला. साहेब पहिला आला होता. पंढरीने दहा सेकंद सांगितले आणि साहेब तिसरा गेला. त्याने इंग्रजीत बराच आरडाओरडा केला. दस्तूर एवढंच म्हणाले, "पंढरी बोलते तर खलास." गावकऱ्यांनी त्या दिवशी पंढरीला खांद्यावर घेतलं. "आमचा पंढरी साहेबाला बी सोडत नाय!" असं लोक महिनाभर सांगत होते.

त्रेपन्न साली गणू शर्यतीत उतरला आणि त्या भागातले लोक शर्यतीसाठी वेडेच झाले. गणू पाटील हा पंढरीच्या बायकोचा, लक्ष्मीचा धाकटा भाऊ. कल्याणला एका गॅरेजात मेकॅनिक होता. लष्कराने मोडीत काढलेल्या जीपा तिथे येत. त्यांतल्या तीन जीपांचे भाग जमवून त्याने एक उभी केली. वरचा सगळा पत्रा काढून टाकला, दार नाही, काच नाही, लष्करी हिरवा रंग मात्र तसाच ठेवला. त्या साली तो पाचवा आला, तरी गावाने ढोल वाजवले. आणि चोपन्नच्या जानेवारीत तो चक्क पहिला येत होता.

पंढरी वही घेऊन पंचांच्या टेबलाकडे निघाला. वाटेत लक्ष्मी झेंडूचा हार घेऊन उभी होती. "बघितलात? पैला आला माजा भाव!" असं म्हणून ती हसली. पंढरी थांबला. वही खिशात ठेवली असती तर कुणाला कळणार नव्हतं. धूळच इतकी होती. लाल मोटारीचा साहेब चार सेकंदांनी मागे, दुसरा होता. पंढरीला तो गावाने खांद्यावरून मिरवलेला दिवस आठवला. तो टेबलापाशी गेला आणि वही उघडून दस्तूरांसमोर ठेवली.

दस्तूरांनी वाचलं. चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "हा तुझा साला हाय ना रे?"

"हो साहेब."

"पक्का बघितला?"

"पडला साहेब. मीच उभा केला."

भोंग्यावरून लाल मोटार पहिली असा निकाल सांगितला तेव्हा आधी लोकांना कळलंच नाही. मग दोरी तुटली. माणसं धावपट्टीवर आली. गणू जीपच्या बॉनेटवर उभा होता, तोंड धुळीने पांढरं झालेलं. कुणीतरी त्याला ओरडून विचारलं, "गनू, लागला का रे ड्रम?"

गणूने एकदा पंढरीकडे बघितलं. मग गर्दीकडे.

"नाय लागला," तो म्हणाला.

मग लोकांना धरबंदच उरला नाही. "पंढऱ्या, साहेबाला इकलास काय रे?" कुणीतरी ओरडलं. कुणी मुरमाची मूठ भिरकावली. गोदूबाई पुढे आली. "डोलं फुटलं व्हतं का तुजं? सोत्ताच्या मेवन्याला?" पंढरी खाली बघत उभा होता. त्याने दोन वाक्यंच म्हटली, "ड्रम पडला. मी बघितला." लक्ष्मीने हातातला हार गणूच्या गळ्यात घातला आणि नवऱ्याकडे न बघता माहेरच्या माणसांबरोबर निघून गेली.

चार दिवसांनी ती परत आली. स्वयंपाक करायची, पान वाढायची, पण बोलायची नाही. गावातली माणसं फाटकावरून जाताना पूर्वी दोन घटका टेकत, आता बैल हाकत तशीच पुढे जात. पंढरीने कुणाला काही समजावलं नाही. वेलावरच्या शेंगा जून होऊन वाळल्या, कुणी मागितल्या नाहीत.

महिन्याभराने एका दुपारी गणू सायकलवरून फाटकावर आला. फाटक उघडं होतं, तरी उतरला. केबिनच्या सावलीत उकिडवा बसला. बराच वेळ काडीने मातीत रेघा ओढत राहिला.

"भावोजी, लागला व्हता," तो शेवटी म्हणाला. "मना स्टेरिंगमधी कळलेला."

"म्हाईत हाय," पंढरी म्हणाला.

"ड्रमाला माज्या गाडीचा हिरवा रंग बी लागलेला. दुसऱ्या दिवशी क्लबाचा ट्रक भरताना बघितला मी. तुमी तो लोकांना दाखवला का नाय? दाखवला असता तर तुमाला कुनी येक शबुद बोलला नसता."

पंढरीने माठातलं पाणी काढून त्याला दिलं. "तू सगल्यांम्होरं 'नाय लागला' बोललेलास. रंग दाखवला असता तर तू खोटा पडला असतास. ड्रमाचे धा सेकंद व्हतात, ते गेले. त्याच्यावर आनखी शिक्षा नियमात नाय."

गणूने पाणी पिऊन टाकलं. "मी गावात सांगू काय?"

"ते तुजं तू बघ."

गणूने तेव्हा गावात सांगितलं नाही. त्याचं धाडस झालं नाही. पण घरी जाऊन बहिणीला सांगितलं असावं, कारण त्या संध्याकाळी लक्ष्मी भाकरी वाढताना एकदम म्हणाली, "तुमी मना तरी सांगायचा." पंढरी म्हणाला, "तुजा भाव हाय तो." लक्ष्मी चुलीकडे तोंड करून बसली आणि डोळे पुसत राहिली. मग तिने त्याला आग्रह करून तिसरी भाकरी वाढली.

पंचावन्न साली क्लबाने नियम बदलले. विलायतेत मोठ्या शर्यती ज्या रीतीने होतात तशाच इथेही व्हाव्यात, असं मुंबईच्या नव्या मंडळींचं म्हणणं पडलं. मोडीतून बांधलेल्या गाड्या बंद, कारखान्यातून आलेल्या तेवढ्याच चालतील. हंडीकापही बंद, सगळ्यांना एकदम सोडायचं. दस्तूरांना हे फारसं पटलेलं दिसलं नाही. फाटकावर येऊन त्यांनी पंढरीला स्वतः सांगितलं. "आता मोठा शर्यत होणार डिकरा," ते म्हणाले, पण आवाजात काही जोर नव्हता.

त्या वर्षी लोक आले. सगळ्यात मोठ्या इंजिनाची लाल मोटार पहिल्या फेरीतच पुढे गेली आणि वीस फेऱ्या पुढेच राहिली. दहाव्या फेरीला गोदूबाईने पाटी उचलली. "यात बघायचा काय? पैला तो आखेरपरयंत पैलाच," ती म्हणाली आणि घरी गेली. तिच्या मागोमाग निम्मा गाव उठला. काहींनी पंढरीला ऐकवलं, की तुझ्यामुळेच क्लबाने गणूला काढला. तसं नव्हतं.

छप्पनच्या जानेवारीत तर पाचच मोटारी आल्या. बघायला पंचवीस-तीस माणसं असतील. दोरी बांधायचीसुद्धा गरज नव्हती, तरी पंढरीने बांधली. गोदूबाई शेंगा खपतील या आशेने आली होती. लक्ष्मी तिच्याशेजारी बसली होती. गणू कामाचे कपडे घालून दोरीमागे उभा होता, हात पाठीमागे बांधून.

सातव्या फेरीला लाल मोटार वळणावर जरा आत आली आणि मधला ड्रम पडला. या वेळी धूळ नव्हती. सगळ्यांनी बघितलं, आणि कुणीच ओरडलं नाही. पंढरीने निशाण वर केलं, ड्रम उभा केला, वहीत लिहिलं.

शर्यत संपल्यावर तो टेबलापाशी गेला. लाल मोटारीचा साहेब तिथे हसत उभा होता. दस्तूरांनी वही बघितली आणि ती हलकेच मिटली.

"जाऊ दे पंढरी," ते म्हणाले. "पाच गाड्या हाय. पुढच्या वर्षी इथे कोण येणार नाय. क्लबने ठरवून टाकला. शेवटचा दिवस हाय, सगळे खूश जाऊ दे."

पंढरीने वही परत उघडून ठेवली. "ड्रम पडला साहेब. धा सेकंद व्हतात."

साहेबाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो दस्तूरांना म्हणाला, की या माणसाचं माझ्याशी काहीतरी जुनं वैर आहे. आपल्या गावच्या माणसाने ड्रम पाडला असता तर याने सोडून दिलं असतं. हे त्याने मोडक्या हिंदीत, सगळ्यांना कळेल असं म्हटलं.

गणू दोरीखालून वाकून पुढे आला.

"नाय सोडत, साहेब," तो म्हणाला. मग तो साहेबाकडे पाठ करून गावच्या माणसांकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते. "चोपन साली माजा ड्रम पडलेला. मी खोटा बोललो. भावोजींनी बघितला तो खरा व्हता."

गोदूबाईच्या हातातला शेंगांचा कागद तसाच राहिला. ती पंढरीकडे बघत होती, जणू त्याला कधी पाहिलंच नव्हतं. "दोन वर्सं," ती पुटपुटली. "दोन वर्सं गप बसलास रे मुडद्या!" आणि तिने पदर तोंडाला लावला.

दस्तूरांनी पेन काढलं आणि लाल मोटारीच्या वेळेपुढे दहा सेकंद लिहिले. बक्षीस एका लहान काळ्या मोटारीच्या तरुण पोराला मिळालं. त्याला आपण पहिला आलो हे चार वेळा सांगावं लागलं.

मोटारी गेल्या. क्लबाचा ट्रक धावपट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला उभा होता आणि सामान नेणारी माणसं दोनच होती. पंढरीने दोरी गुंडाळून खांद्यावर टाकली आणि पहिला ड्रम आडवा करून ढकलायला सुरुवात केली. गणूने दुसरा घेतला. तिसरा तिथेच राहिला होता. गोदूबाईने पाटी लक्ष्मीच्या डोक्यावर दिली, लुगड्याचा काचा घट्ट खोचला आणि तो ड्रम दोन्ही हातांनी लोटत त्यांच्या मागून निघाली. रिकाम्या काँक्रीटवर तीन ड्रमांचा गडगडाट लांबवर ऐकू जात होता. मध्येच पंढरी थांबला, मागे वळून म्हणाला, "म्हातारे, दमशील. ठेव, मी येतो न्यायला."

"तू चाल पुढं," गोदूबाई म्हणाली.

तो चालायला लागला, पण जरा हळू.