काचघरातलं फळ

जयराम राऊतच्या काचघराची आगाशी गावात बरीच चेष्टा होत असे. थंड मुलखात काचघर बांधतात ते ऊब धरून ठेवायला. इथे उबेची काय कमी? पण जयरामनं ते बांधलं होतं वारा अडवायला. समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यानं ऑर्किडच्या पानांच्या कडा करपतात, हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं होतं. मोडीत निघालेल्या एका बंगल्याच्या खिडक्या जोडून त्यानं पानवेलींच्या शेजारी ही खोली उभी केली. ऊन फार होऊ नये म्हणून वरच्या काचांना चुना फासला. विहिरीचं पाणी मचूळ, म्हणून छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवलं. वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेला मुलगा काचांना चुना फासतोय हे पाहून त्याचे वडील, हरिभाऊ, काही दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलत होते.

त्रेपन्न सालच्या फेब्रुवारीत त्याच्या कॅटलिया जातीच्या ऑर्किडला पहिल्यांदा फूल आलं. वीतभर रुंद, जांभळं, पुढची पाकळी गडद आणि कडेला चुणीदार. पलीकडच्या कुंडीतली पांढरी कॅटलियाही त्याच सुमारास उमलली होती, पण तिची फुलं लहान आणि जराशी वेडीवाकडी होती. जयरामची सगळी भिस्त जांभळ्यावर होती. मुंबईच्या एका बागेला ऑर्किडची जोपासना करणारा माणूस हवा होता. बागेच्या अधीक्षकांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, "पदवी पुष्कळांकडे आहे. रविवारच्या प्रदर्शनात तुम्ही वाढवलेली कॅटलिया फुललेली दाखवा, जागा तुमची."

फूल पाहायला घरातलं एकेक माणूस येऊन गेलं. हरिभाऊ आले, त्यांनी फुलाचा वास घेतला आणि विचारलं, "हे खायचं असतं का?"

"नाही."

"मग विकायचं?"

"दाखवायचं."

हरिभाऊ मान हलवत परत गेले.

सगळ्यात जास्त वेळ थांबली ती आनंदीबाई, जयरामची थोरली आत्या. वाडीतल्या लाल भोपळ्याचं काम तिच्याकडे होतं. पहाटे भोपळ्याची फुलं उमलली की ती एका वेलीवरचं नरफूल खुडायची, त्याच्या पाकळ्या सोलायची आणि दुसऱ्या वेलीवरच्या मादीफुलात ते हलकेच घासायची. तिनं लावलेलं फळ गळत नाही, अशी ख्याती होती. शेजारच्या वाड्यांतूनही तिला बोलावणं यायचं. जयरामच्या मते त्याचं कारण ती कोरडी सकाळ निवडते, एवढंच होतं. पण तो तसं तिला बोलला नव्हता.

"एवढं मोठं फूल आणि एक माशी फिरकत नाही!" ती म्हणाली.

जयरामला कुणी विचारलं की राहवत नसे. त्यानं काडी घेतली आणि फुलाच्या मधल्या दांड्याकडे बोट केलं. "हे टोकाला झाकण दिसतं ना? त्याच्याखाली परागाच्या पिवळ्या गोळ्या असतात. आणि खाली हा चिकट खळगा. गोळी खळग्यात बसली की फळ धरतं. हे काम करणारी माशी या फुलाच्या मुलखातली. ती इथं कुठून येणार?"

"म्हणजे हे असंच वांझ राहायचं?"

"असंच राहिलेलं बरं," जयराम म्हणाला आणि पाण्याची झारी भरायला गेला. का बरं, ते सांगायचं राहून गेलं.

शुक्रवारी सकाळी तो आत आला तर फुलाच्या पाकळ्या ओल्या कागदासारख्या खाली लोंबत होत्या. त्यानं आधी मुळं पाहिली. ती पांढरी, टणक होती. कीड नव्हती, पाणी साचलं नव्हतं. मग त्यानं भिंग घेतलं. खळग्यात पिवळ्या गोळ्या बसल्या होत्या, पण फुलाच्या स्वतःच्या गोळ्या झाकणाखाली जशाच्या तशा होत्या. त्यानं पांढऱ्या फुलांकडे पाहिलं. एकाचं झाकण निघालेलं होतं.

आनंदीबाई पडवीत वालाच्या शेंगा सोलत होती.

"आत्या, जांभळ्या फुलाला हात तू लावलास?"

"परवा सकाळी. तूच म्हणालास माशी नाही म्हणून." तिनं मान वर केली. "का? धरलं नाही?"

"धरलं. म्हणून तर फूल गेलं. या फुलाला एकदा पराग मिळाला की ते उभं राहत नाही. नाहीतर अजून आठ-दहा दिवस टिकलं असतं."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मग रविवारचं?"

ओरडावं असं जयरामला वाटलं. पण नेमकं कशावर ओरडायचं ते सापडेना. त्यानं सांगितलं होतं तसंच तिनं केलं होतं, आणि तेही एका झाडाचा पराग दुसऱ्यालाच लावायचा या आपल्या शिस्तीनं.

पांढरी फुलं दाखवण्याजोगी नव्हती, तरी रविवारी तो जांभळ्याची कुंडी घेऊन गेलाच. अधीक्षकांनी सुकलेलं फूल पाहिलं, मग त्यामागचा फुगू लागलेला हिरवा देठ पाहिला. "संकर आहे? जांभळा आणि पांढरा?"

"हो."

"काय निघेल?"

"सांगता येत नाही. फळ पिकायला वर्ष जाईल, रोपं फुलायला सहा-सात वर्षं."

"तुम्ही इमानदार आहात," अधीक्षक म्हणाले. "पण लोक रविवारी तिकीट काढून येतात, त्यांना त्याच दिवशी फूल दिसावं लागतं." दुपारपर्यंत जागा दुसऱ्याला मिळाली. त्या माणसाची कॅटलिया खरोखर चांगली होती. जयरामनं ती दोनदा जाऊन पाहिली.

संध्याकाळी तो कुंडी जागेवर ठेवत असताना आनंदीबाई दाराशी येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"काय म्हणाला साहेब?"

"नाही म्हणाला."

"मग काप ते फळ. झाडाचा जोर तरी वाचेल. तूच म्हणतोस ना, झाड अजून लहान आहे."

हा मुद्दा बरोबर होता. फळ ठेवलं तर पुढच्या वर्षी कदाचित फूल येणार नव्हतं, आणि तशी दुसरी जागा निघाली तर दाखवायला काही असणार नव्हतं. जयरामनं चाकूचं पातं ज्योतीवर तापवून घेतलं, निवेपर्यंत हातात धरलं. देठ आता करंगळीएवढा झाला होता. असं फळ त्यानं आजवर फक्त चित्रात पाहिलं होतं.

त्यानं पातं पुसून डबीत ठेवलं आणि फळाच्या भारानं दांडी वाकू नये म्हणून तिला बांबूची काटकी बांधली.

"वर्षभर राखण करायची याची," तो म्हणाला. "ये आत. पण यापुढे आधी विचारायचं, मग हात लावायचा."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास."

"म्हणालो असतो."

"मग?" आनंदीबाई म्हणाली आणि आत येऊन काटकीची गाठ जरा सैल करू लागली.