सरांचा ॲम-इज-आरचा तक्ता

मित्रांनो, माझ्या अंगावर इंग्रजीतली सहाच छोटी वाक्यं आहेत: आय ॲम, यू आर, ही इज, शी इज, वी आर, दे आर. मी शाळेतला एक जुना कापडी तक्ता आहे.

सरांचं नवीनच लग्न झालं होतं, तेव्हा माझा जन्म झाला. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, जुन्या चादरीचा तुकडा कापून कडेने टीप मारली आणि सरांनी निळ्या रंगात अक्षरं काढली. काकू म्हणाल्या, "एवढ्याशा 'आहे'साठी तीन तीन शब्द? काय हा उधळेपणा!"

सर हसले. "आणि आपले? आहे, आहेस, आहोत, आहात, आहेत. मोज बरं!"

पुढे एकतीस वर्षं मी पाचवीच्या वर्गात खिळ्याला लटकलो. एक मुलगी रोज न चुकता 'आय इज' म्हणायची. वर्ग हसला की सर म्हणत, "हसू नका. ती बोलते म्हणून चुकते." पण चूक मात्र ते एकही सोडत नसत. त्यांच्या छडीच्या टोकाने माझा 'ॲम' पार फिकट झाला, आणि मला त्याचा अभिमान होता.

मग वर्गात मोठा डिजिटल पडदा आला आणि माझी गुंडाळी अडगळीच्या खोलीत गेली. तिथे उंदरांनी माझा एक कोपरा खाल्ला. निवृत्तीच्या दिवशी सरांनी मला शोधून काढलं, झटकलं आणि काखेत मारून घरी आणलं. कपाटावर, गोधड्यांखाली, मला जागा मिळाली.

दोन वर्षांनी सरांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट बंद झालीय." बोलायला शिकवणाऱ्या ताई घरी येऊन कप, किल्ली, चमचा अशी चित्रं दाखवत. सर भिंतीकडे तोंड फिरवत. दूरगावी राहणाऱ्या लेकीचा फोन काकू त्यांच्या कानाला लावत, तर ते तो ढकलून देत. जन्मभर बोलण्यावर जगलेल्या माणसाला आपली लाज वाटत होती.

एके दुपारी काकू गोधडी ओढायला गेल्या आणि मी त्यांच्या डोक्यावर आदळलो. त्यांनी मला उलगडलं, पदराने पुसलं आणि पलंगासमोर दोरीला टांगलं. इंग्रजी त्यांना अक्षरं जुळवण्यापुरतंच येत होतं. बोट ठेवून त्या वाचू लागल्या, "आय... ॲम. यू..." बोट एक ओळ खाली घसरलं. "यू इज."

पलंगावरून घुसमटलेला आवाज आला.

"काय झालं? दुखतंय का?" काकूंनी पुन्हा बोट टेकवलं. "यू इज."

सरांचा चेहरा लाल झाला. "आ... आर!"

"अहो, काय म्हणालात?"

"आर. यू... आर."

सात आठवड्यांनी फुटलेला तो पहिला शब्द! काकू पलंगाच्या कडेला टेकल्या. मग डोळे पुसून मुद्दाम म्हणाल्या, "वी ॲम."

"आर!"

"दे इज."

"आर!"

"जन्मभर माझ्या चुका काढल्यात ना? घ्या, आता हव्या तेवढ्या करून देते. काढा!" त्या हसत होत्या आणि गालांवरून पाणी वाहत होतं. सरही हसले, अर्ध्याच तोंडाने.

सगळं काही लगेच जागेवर आलं नाही. सर किल्लीला चमचा म्हणत आणि चिडून उशी फेकत. ताईंनी काकूंना बजावलं होतं, "त्यांचा शब्द अडला तर तुम्ही पुरा करू नका." काकूंना हे फार जड गेलं. शब्द अगदी जिभेवर यायचा, पण त्या ओठ मिटून बसायच्या.

महिन्याभराने लेकीचा फोन आला, तेव्हा सरांनी स्वतःच डावा हात पुढे केला. "बाळ," ते म्हणाले आणि थांबले. घड्याळाची टिकटिक मलाही ऐकू येत होती. पलीकडे लेक गप्प होती, इकडे काकू गप्प होत्या. "मी... मी... बरा आहे."

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचं बोलणं अडखळत असेल. त्याच्यापाशी बसा, त्याला काहीतरी विचारा. उत्तराला वेळ लागेल. मधे आपला शब्द घुसवू नका. तो बोलतोय.