नवव्या पायरीवर क्लॅरी

दार बंद झालं तेव्हा ब्रॉनविन आणि क्लॅरी बरोबर चौदा पायऱ्या खाली उतरलेली होती.

आवाज फार मोठा नव्हता. धप्प, एवढाच. पण ब्रॉनविननं गर्रकन मान वर केली. कारण हा रॉकहॅम्प्टन शहरातल्या इस्पितळाचा, आग लागल्यावर पळायचा जिना. याची दारं जिन्याच्या आतल्या बाजूनं उघडायची तर कार्ड लागतं. नाही तर सरळ तळमजल्यापर्यंत उतरायचं नि कचऱ्याच्या डब्यांपाशी बाहेर पडायचं. आणि ते दार मिटू नये म्हणून फिजिओ ब्रॉनविनबाईंनी फटीत वाळूची पिशवी टाकली होती, पेशंटच्या पायाला बांधतात ती, दोन किलोची. असं करायला सक्त मनाई. गेल्याच वर्षी तिनं दोन नव्या फिजिओ पोरींना यावरून सगळ्यांसमोर झापलं होतं.

कुणीतरी शिस्तीचं माणूस येताजाता ती पिशवी उचलून गेलं असणार.

"कार्ड काढ की," क्लॅरी म्हणाला.

ब्रॉनविननं गळा चाचपला. खिसे चाचपले. मग डोळेच मिटले.

"वॉकरला लटकवलंय."

पायऱ्यांवर वॉकर चालत नाही, म्हणून तो दाराबाहेर. आणि वाकून क्लॅरीच्या कमरेला आधारासाठी बांधलेला पट्टा धरायला गेलं की गळ्यातलं कार्ड दरवेळी त्याच्या टकलावर आपटायचं, म्हणून तेही दाराबाहेर. फोन व्यायामाच्या हॉलमध्ये, चार्जिंगला.

क्लॅरी एवढा हसला की काठी थरथरायला लागली. "चाळीस वर्षं लिफ्टा दुरुस्त केल्या मी. नवरदेव अडकलेला पाहिलाय, पाद्री अडकलेला पाहिलाय. फिजिओ पहिल्यांदा."

"हसू नका हो! तोल जाईल."

ब्रॉनविनच्या छातीवर टाचलेल्या घड्याळात एक पस्तीस झाले होते. दोन वाजता मीटिंग.

मीटिंग क्लॅरीचीच. सात आठवड्यांपूर्वी लकव्याचा झटका आला, डावी बाजू लुळी पडली, आता बरीच सुधारली. पण घर जुनं, खांबांवर उभं, चढायला चौदा पायऱ्या. आणि वर बायको, वॅल. वॅलला डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नाही. चार वर्षांत ती क्लॅरीचं कोपर धरल्याशिवाय खाली उतरलेली नाही. म्हणजे हा इथं तिसऱ्या मजल्यावर अडकलेला, ती तिथं वर. सात आठवडे नुसता फोन. लेक जनेल दूरच्या टूवूम्बा गावाहून गाडी हाकत आली होती. तिकडच्या वृद्धाश्रमात एक खाट आज पाचपर्यंत राखून ठेवलेली. बाबा तिथं, आई जनेलच्या मागच्या खोलीत. सत्तावन्न वर्षांचा संसार दोन पत्त्यांवर. आणि ठरणार कशावर? तर 'जिना चढू शकतात का' या रकान्यात ब्रॉनविन काय लिहिते, त्यावर.

व्यायामाच्या हॉलमधला जिना म्हणजे चार रुंद पायऱ्या, दोन्हीकडे कठडा. त्यावर रांगतं पोरसुद्धा चढेल. त्यावरून चौदाचा अंदाज कसा बांधायचा? म्हणून तिनं जेवणाच्या गडबडीत, कुणाला न विचारता, क्लॅरीला इथं आणलं होतं.

"चला, वर. चढताना चांगला पाय आधी," ती म्हणाली.

"चढताना चांगला, उतरताना दुबळा. पोरी, हे मला आता माझ्या नावाआधी आठवतं."

एक. दोन. तीन. वळणाची सपाट जागा आली. चार, पाच. क्लॅरीच्या मानेवर घामाचे थेंब. सात. आठव्याला त्यानं सगळा भार कठड्यावर टाकला. नवव्या पायरीवर डावा गुडघा मऊ पडला. ब्रॉनविननं पट्टा खेचला, मांडी लावली आणि त्याला अलगद खाली बसवलं.

"नऊ," क्लॅरी धापा टाकत म्हणाला. "पाच राहिल्या."

ती पाच पायऱ्या धावत वर गेली. दाराच्या चिंचोळ्या काचेतून वॉकर दिसत होता. त्यावर कार्ड. कार्डावर तिचाच फोटो, हसरा. तिनं दोन्ही हातांनी दार बडवलं. पलीकडे चादरींची खोली. पुढच्या वळणावर जेवणाच्या ताटांची गाडी खडखडत होती. कुत्रंही फिरकलं नाही.

ती परत येऊन त्याच्याशेजारी बसली. एक त्रेचाळीस.

"तू जा खाली. मी बसतो इथं," क्लॅरी म्हणाला.

"लकव्याच्या पेशंटला जिन्यात एकटं टाकून? लायसन काढून घेतील माझं."

"मग बसू दोघं. दोन वाजता जनेल सही करेल. जेवणातलं माझं कस्टर्ड थंड होईल."

ब्रॉनविननं कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. त्याला घेऊन साठ-सत्तर पायऱ्या उतरणं शक्य नव्हतं. सोडून जाणं नियमात नव्हतं. आणि त्याच्या फाईलवर लाल पेननं लिहिलं होतं, 'घाईखोर'. कारण बेल न वाजवता हा खाटेवरून उठायचा आणि खाटेजवळच्या, पाय पडताच वाजणाऱ्या चटईचा भोंगा वॉर्डभर बोंबलायचा. दिवसातून तीनदा.

"खरं सांग ब्रॉन. तुला भीती माझ्या पायाची नाहीये."

"नाही. तुमच्या डोक्याची आहे," ती म्हणाली. "पाय जमेल तेवढंच करतो. तुम्ही मी गेले की उठणार, पाच पायऱ्या चढून दाखवणार, आणि मी येईपर्यंत खाली पडलेले असणार."

क्लॅरीनं काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. या वेळी तो हसला नाही.

"घरी गेल्यावर मी असाच असणार ना? एकटा, पायऱ्यांपाशी. तुला इथं सात मिनिटं मला सोडून जाववत नसेल, तर वर जा नि 'नाही' लिही. मी भांडणार नाही."

तिनं त्याची पाठ कठड्याला नीट टेकवली.

"हलायचं नाही," म्हणत ब्रॉनविन उठली.

"लिफ्टमध्ये अडकलेल्यांना मी एकच सांगायचो. दाराशी खेळू नका. जे गप्प बसले, ते सगळे जेवायला घरी गेले."

ती सुटली. जिना उतरली, डबे ओलांडले, उन्हात इमारतीला वळसा घातला. तर पुढच्या दाराशी पहारेकरी: कार्ड कुठंय? कार्डासाठीच जातेय रे बाबा! त्यानं रजिस्टरात नाव लिहायला लावलं. मग लिफ्ट. लिफ्टमध्ये एक बाई, हातात 'मुलगा झाला' लिहिलेला फुगा, आणि प्रत्येक मजल्यावर दार उघडतंय, कुणी नाही, मिटतंय. फुगा ब्रॉनविनच्या नाकाशी. तिच्या डोळ्यांपुढे क्लॅरी पहिल्या पायरीशी आडवा पडलेला, काठी एकीकडे, कपाळ फुटलेलं.

तिसऱ्या मजल्यावर जनेलच समोर आली. "बाबा कुठेत? सगळे जमलेत मीटिंगला."

"या माझ्याबरोबर."

वॉकरवरचं कार्ड हिसकलं, दाराला लावलं. हिरवा दिवा.

क्लॅरी नवव्या पायरीवर होता. काठी गुडघ्यांवर, तशीच आडवी. एक तसूही हललेला नव्हता.

"अकरा मिनिटं," तो म्हणाला. "सात धरली होती मी."

"बाबा! तुम्हाला इथं एकटं...?" जनेलचा आवाज चढला. मग ब्रॉनविनकडे वळून, "तुम्ही यांना सोडून गेलात?"

"गेले. आणि ते बसून राहिले," ब्रॉनविन म्हणाली. तिला श्वास पुरत नव्हता. "चला क्लॅरी, पाच."

दम खाल्लेल्या पायानं तो पाच पायऱ्या चढला. शेवटच्या दोन जनेलनं पट्टा धरून चढवल्या, कुणी न सांगता.

मीटिंगमध्ये ब्रॉनविननं आधी वाळूच्या पिशवीचं कबूल केलं. त्याबद्दल साहेबांचं ताकीदपत्र यायचं ते आलंच. मग रकान्यात लिहिलं: नऊ, बसणे, पाच. थांबायचं कुठं ते कळतं. लाल पेननं लिहिलेलं 'घाईखोर' तिनं खोडलं. जनेलनं तो रकाना दोनदा वाचला. मग म्हणाली, आधी शनिवार-रविवार घरी नेऊन बघते, मी असतेच बरोबर. आणि खाट सोडायला तिनं स्वतः फोन लावला.

शनिवारी दुपारी वॉर्डातला फोन वाजला. ब्रॉनविननं उचलला.

"नवव्या पायरीवर बसलो होतो," क्लॅरी सांगत होता. "वॅल वरून ओरडली, मेलास का रे? म्हटलं नाही, टेकलोय. म्हणाली, मग लवकर ये, चहा गार होतोय."

"मग? चढलात?"

"चढलो म्हणून तर घरच्या फोनवरून बोलतोय. आता दोघंही वर अडकलोय." मागून वॅल काहीतरी म्हणाली. "ती सांगतेय, सोमवारपर्यंत कुणीही सोडवायला यायचं नाही."