साबणात खोल जाणारा छर्रा

साबणात छर्रा जितका खोल जाईल तितका उंदीर लवकर मरतो, असं आमच्या बाबांचं ठाम मत. छर्रे त्यांनी आयुष्यभर असेच पारखले. टेबलावर साबणाची वडी ठेवायची, हातभरावरून बार टाकायचा, मग भोकात काडी घालून खोली बघायची. त्यांची जुनी छऱ्यांची बंदूक मुळात मरतुकडी, स्प्रिंग ढिली पडलेली. तिच्यासाठी ते बरोबरच होतं. पण नवी बंदूक कुठलाही छर्रा उंदरात हवा तितका खोल घालते. आता प्रश्न जोराचा नाही, छर्रा बसतो कुठे याचा आहे. घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं मी. ऐकतंय कोण?

उंदीर मारणं हा आमचा घरचा धंदा. जिथे विष टाकता येत नाही अशा बेकऱ्या आणि पिठाची गोदामं आम्हाला बोलावतात. त्यातली सगळ्यात मोठी बेकरी हातची जायच्या बेतात होती. मागच्या खेपेला आमच्या शेंडेफळाने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, एक उंदीर जखमी करून सोडला. तो पोत्यांत जाऊन मेला आणि वासावरून सापडला. मालकाने होतं नव्हतं ते पीठ फेकलं. "पुन्हा असं झालं तर मला तोंड दाखवू नका," म्हणाला.

आणि हा दिवटा सकाळी टोकदार छऱ्यांचा नवा डबा घेऊन आला.

"ताई, बघ! अख्खी वडी पार!"

"वडी जागची हलते का रे? बेकरीत साबण मारायचाय का आपल्याला?"

मी मागच्या अंगणात गेले. बेकरीच्या गोदामाच्या दारापासून पलीकडच्या भिंतीपर्यंत जेवढं अंतर आहे, तेवढं मोजून पुठ्ठे टांगले. गोदामात नेम धरायला झोपतो तशी पालथी पडले आणि दोन्ही प्रकारचे छर्रे मारले. त्याच्या टोकदार छऱ्यांनी ताटाएवढ्या जागेत भोकं पाडली. माझे गोल डोक्याचे सगळे कोटाच्या बटणाएवढ्या जागेत बसले. दोन्ही पुठ्ठे बाबांच्या पुढ्यात आपटले.

बाबांनी पुठ्ठ्यांकडे पाहिलं. मग सुरीने वडी चिरली आणि म्हणाले, "खोल जातो तो खरा. बंदूक धाकटा चालवेल. तू बॅटरी धर."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "मुलगा आहे म्हणून ना?"

"तोंड आवर. उद्या धंदा त्यालाच बघायचाय."

मी माझ्या छऱ्यांची डबी खिशात टाकली आणि त्यांच्याबरोबर निघाले. घरी बसून काय, भांडी आपटायची?

बेकरीला सुट्टी होती. गोदामात भर दुपारीही अंधार. मी बॅटरी मारली तर कडेच्या पाइपावर उंदीर बसलेला, चांगला लठ्ठ. शेंडेफळाने बार टाकला. छर्रा मागच्या पायांत बसला. उंदीर किंचाळून खाली पडला आणि पुढच्या दोन पायांवर सरपटत पोत्यांच्या थप्पीत घुसला.

"छर्राच वाकडा निघाला," भाऊ म्हणाला.

"हो ना, तू तेवढा सरळ! उचल पोती!"

मालक यायच्या आत उंदीर निघायला हवा होता. आम्ही तिघांनी थप्पी उपसली. बाबांना धाप लागली, भाऊसाहेब सुस्कारे टाकत होते, माझे हात खांद्यापासून भरून आले. उंदीर सगळ्यात खाली, भिंतीला चिकटून होता. जिवंत. माझ्याकडे बघत होता. मला त्याची दया आली, त्या दोघांची अजिबात नाही. भावाच्या हातातून बंदूक ओढून घेतली, माझा छर्रा भरला आणि डोक्यात एकच मारला. तो तिथेच शांत झाला.

एका पोत्याला रक्त लागलं होतं. बाबांनी ती बाजू भिंतीकडे फिरवली. बाकीची पोती आम्ही होती तशी रचली. मला तोंड उघडायला बाबांनी बजावून मनाई केली आणि मी, मूर्ख, गप्प बसले. बेकरी गेली तर तिघांच्याही पोटावर पाय येणार होता, हे मलाही कळत होतं.

मालक आला. बाबांनी कागदावर ठेवलेला उंदीर पुढे केला.

"वा! एकदम डोक्यात!" मालक म्हणाला. "कोणी मारला?"

"माझ्या मुलाने," बाबा म्हणाले. क्षणभरही अडखळले नाहीत. "आता सगळं तोच बघतो. बायकांचं काम नाही हे."

शेंडेफळ हसलं. मान खाली घालून, लाजल्यासारखं हसलं. तिथे माझं डोकं फिरलं. तो नुसता गप्प राहिला असता ना, तर मीही गिळलं असतं.

मी उंदीर शेपटीला धरून उलटा केला. "दोन भोकं आहेत, मालक. मागचं ह्याचं. डोक्यातलं माझं."

मालकाने वाकून पाहिलं. मग माझ्या पीठ लागलेल्या कोपरांकडे पाहिलं. मग पोत्यांकडे.

"म्हणजे आत शिरला होता?"

बाबा मान हलवून मला नको नको म्हणत होते.

"शिरला होता," मी म्हटलं. "रक्त लागलेलं पोतं भिंतीकडे तोंड करून ठेवलंय."

मालक ओरडला नाही. त्याने दार उघडून धरलं आणि आम्ही बाहेर पडेपर्यंत तसाच उभा राहिला.

रस्त्यावर आल्यावर बाबांचा आवाज फुटला. "सगळ्यांच्या तोंडचा घास काढलास! झालं समाधान?"

"झालं," मी म्हटलं.