गलिलीच्या डोंगरावरची रिमोना

मित्रांनो, मी एक म्हातारी गाढवीण आहे. इस्राएलच्या उत्तरेला, गलिलीच्या डोंगरावरच्या एका लहानशा गावात माझा जन्म झाला. माझे मालक यिह्याकाका, त्यांनी माझे नाव रिमोना ठेवले, म्हणजे डाळिंब.

माझी उमेदीची वर्षे ऑलिव्हच्या मळ्यात गेली. उतारावर गाडी जात नसे, तिथून मी भरलेली पोती खाली आणी. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी काकांबरोबर मलाही सुट्टी असे. "रिमोना आहे म्हणून आपला मळा आहे," असे काका सगळ्यांना सांगत. ते ऐकून माझे कान ताठ होत.

पुढे मळ्यापर्यंत रस्ता झाला, टेम्पो आला. मी गोठ्यामागे बांधलेली राहू लागले. चारा-पाणी मिळे, पण अंगावरून हात कोणी फिरवीत नसे. हळूहळू मला चालवेना. काकांनी मला एका व्यापाऱ्याला द्यायचे ठरवले.

ज्यू पंचांगातल्या एलुल महिन्याचा पहिला दिवस उजाडला. हा आम्हा पाळीव जनावरांचा नववर्षदिन. अलीकडे आमच्या गावाने तो पुन्हा पाळायला घेतला आहे. सकाळी मेंढ्याचे शिंग फुंकले गेले. जो तो आपापली शेळी, गाय घेऊन चौकात निघाला.

"रिमोनाला नाही का न्यायचं?" बद्राकाकूंनी विचारले.

"ती कसली येतेय! हट्टी झालीय नुसती. उद्या तो माणूस घेऊन जाईल तिला."

"हट्टी? अहो, हट्टीपणावरच जायचं तर तुम्हाला मी केव्हाच विकलं असतं!"

काका हसले. काकू मात्र माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझा पाय उचलला आणि त्यांचा आवाजच बदलला. "अहो, इकडे या. हे बघा."

माझे खूर वाढून पुढे वळले होते. एका खुरात खडा रुतून जखम झाली होती.

 काका सुरी आणि कानस घेऊन मातीतच बसले. खडा निघाला तेव्हा मी थरथरले. त्यांनी माझ्या मानेला कपाळ टेकले. "चुकलो गं पोरी," ते म्हणाले. मग फोन करून त्यांनी व्यापाऱ्याला येऊ नको म्हणून सांगितले.

त्या दिवशी मी चौकात गेले नाही. चौकातलीच मंडळी गोठ्यामागे आली. कोणी गाजर आणले, कोणी कलिंगडाची साल.

मित्रांनो, आम्हाला 'दुखते' असे म्हणता येत नाही. आम्ही नुसते थांबतो. तुमचे जनावर थांबले, तर काठी उगारण्याआधी एकदा त्याचा पाय उचलून पाहा.