बुधवारचं कालवण

माशाच्या पोटावरून सुरी फिरवून भिवाजीने आत बोट घातलं आणि त्याचा हात तिथंच थांबला. आत सगळं रक्ताचं पाणी झालं होतं. कणा मधोमध मोडलेला. वरून खवला न् खवला शाबूत, डोळे मात्र बाहेर आलेले. त्याने दुसरा मासा घेतला, तिसरा घेतला. मग पाटीत कोपरापर्यंत हात घालून तळाचे वर काढले. तळाशी बोटाएवढाली पिल्लं होती, ओंजळीच्या ओंजळी.

“तोट्याचं हाय हे,” तो म्हणाला. “सुरुंगाचा तोटा पाण्यात टाकून मारल्यात.”

“कशाचं का असंना,” हैबतराव भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले. “ताजं हाय न्हवं? साडेधा वाजल्यात. बाराला भोंगा व्हतोय. एकशेधा माणूस जेवाया बसणार हाय, भिवाजी.”

“कुटल्या डोहातलं?”

“डोह काय नाव लिवून ठेवतोय व्हय माशावर? भैरूनं आणलंय. पाटी भरून आणलंय. तू तुझं काम कर.”

भैरू खडीच्या खाणीवर सुरुंग लावायचा. त्याच्या खिशात तोटे कुठून येतात हे सगळ्या उरवडे गावाला ठाऊक होतं. हैबतराव म्हणजे कँटीनचे ठेकेदार. कारखाना उभा राहिला तो त्यांच्याच जमिनीवर, म्हणून कँटीनचा ठेका त्यांना मिळालेला. माणूस वाईट नव्हता. पण पातेलं रिकामं राहता कामा नये आणि तक्रार वर जाता कामा नये, यापलीकडे त्यांचं डोकं चालत नसे, आणि ठेकेदाराचं चालावं तरी कशाला?

भिवाजी जवळच्या भरे गावचा. ऐन उमेदीची वीस वर्षं पुण्यात एका खानावळीत चुलीपुढे घालवून तो गावी परतला, तेव्हा उरवड्याला हा पत्र्याचे डबे बनवणारा कारखाना नुकताच निघाला होता. आता त्रेपन्न वर्षांचा होता. दोन्ही गुडघे कुरकुरत होते. बायको तुळजाबाई रोज रात्री त्यांना तेल चोळायची आणि रोज रात्री कारखान्याला शिव्या द्यायची. कँटीनमध्ये सगळे त्याला मामा म्हणत. सुरुवातीला तसं नव्हतं. भिवाजी पडला बुद्धवाड्यातला, तेव्हा पहिल्या वर्षी गावकीतले पाचसात जण घरून डबे आणून बाहेर चिंचेखाली बसत. पण बुधवारी माशाचं कालवण असे आणि त्याचा वास चिंचेपर्यंत जाई. दिवाळी येईतो एकेक डबा घरी राहिला. त्यावर कुणी कधी एक शब्द काढला नाही. भिवाजीनेही काढला नाही, फक्त वाटण थोडं वाढवलं.

बुधवारच का, तर सोमवारी, गुरुवारी, शनिवारी कुणा ना कुणाचा वार असायचा. मासे आणायची गोजराबाई. रिहे गावाच्या खाली ओढ्याला एक डोह होता. तिथं ती रात्री बांबूच्या कामट्यांचे सापळे लावायची, पहाटे काढायची आणि पाटी डोक्यावर घेऊन दोनअडीच तास चालत उरवड्याला यायची. पाटीत मासा मोजकाच. माणशी एक तुकडा आणि रस्सा हवा तेवढा, हा भिवाजीचा कायदा. ज्येष्ठ-आषाढात माशाच्या पोटात अंडी असतात म्हणून दोन महिने तो मासा शिजवतच नसे, सुकटावर भागवायचा. पोरं तोंडं वेडीवाकडी करायची. भिवाजी मासे खाण्यात कुणाला हार जाणारा नव्हता. मरळीचं डोकं दिसलं की त्याला बायकोपोरांचा विसर पडतो, असं तुळजाबाई चारचौघांत सांगायची. पण पुढल्या बुधवारीही मासा लागतो, एवढं त्याला कळत होतं. गोजराबाईचंही तसंच. पिल्लं राखत फिरणारी मरळ सापळ्यात आली तर ती बाई सापळा उलटा करून तिला परत पाण्यात घालायची. दोघांनी हे कधी बसून ठरवलं नव्हतं.

आणि आता ही पाटी.

त्याने हैबतरावांकडे पाहिलं. ते निघून गेले होते. कांदा चिरून झाला होता, खोबरं भाजून झालं होतं, पाट्यावर वाटणाचा गोळा तयार होता. आज मासे आहेत हे सकाळीच सगळ्या खात्यांत पसरलं होतं. गुडघ्यातून कळ आली. मग त्याने सुरी उचलली. मेलेला मासा काही जिवंत होत नाही, असं तो स्वतःशी म्हणाला. आणखीही काय काय म्हणाला. थकलेल्या माणसाला कारणं भराभर सुचतात.

कालवण झालं आणि फर्मास झालं. माणशी तीन-तीन तुकडे आले. साहेबराव म्हणून एक लेथवाला होता, जिभेचा तिखट, पाच वर्षांत त्याने कधी कशाला बरं म्हटलं नव्हतं. तो ताट घेऊन दुसऱ्यांदा आला.

“मामा, आज हात सैल सोडला तुमी. असं रोज करा की.”

भिवाजीने त्याच्या ताटात पळी रिकामी केली आणि मान खाली घातली.

दीड वाजता मागच्या दारी गोजराबाई दिसली. पाटी काखेत, रिकामी. नऊवारीचा काठ धुळीने भरलेला.

“वॉचमन म्हनला, आज मासं नगं,” ती म्हणाली. “मी म्हनलं, न्हाई तर न्हाई, माझ्याकडं तरी कुटं हाय? सापळं काढाया गेले तर पानी गढूळ, आन् काठाला सगळी पांढरी पोटं. बारकी बारकी. लोकांनी मोठं तेवढं येचून नेलं वाटतं. पर तुमाला सांगाया यायाच पायजे म्हनून आले. तुमी वाट बघत बसाल.”

एवढं सांगायला ती अडीच तास चालून आली होती. भिवाजीने तिला पायरीवर बसवलं, पाण्याचा तांब्या दिला आणि पातेल्यात जे उरलं होतं ते भाकरीबरोबर वाढलं. वाढताना त्याचा हात क्षणभर अडला. पण भुकेल्या बाईला कोरडी भाकरी कशी द्यायची?

गोजराबाईने तुकडा उचलला, दोन बोटांत धरून उलगडला आणि कणा पाहिला. बराच वेळ पाहिला.

“ह्यो कुटला?”

“मालकानी आणलंय. बाजारातनं,” भिवाजी म्हणाला.

उभ्या जन्मात तो फार खोटं बोलला नव्हता, त्यामुळे त्याला ते जमलंही नाही. गोजराबाईने वर पाहिलं नाही. तिने तुकडा खाल्ला. दुसरा खाल्ला. एकेक काटा चोखून ताटाच्या कडेला ठेवला. भाकरीने ताट पुसून घेतलं.

“आमच्याच डोहाचा हाय,” ती हात धूत म्हणाली. “खाल्ला, दादा. आता ह्यो टाकून तरी काय व्हनार?”

तिने त्याला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. पाटी काखोटीला मारून ती गेली, आणि भिवाजी तिचं ताट घासत बसला. ते एकच ताट तो कितीतरी वेळ घासत होता.

पुढच्या बुधवारी ती आली तेव्हा पाटीच्या तळाला पळसाच्या पानावर मूठ-दीड मूठ झिंगे होते. वरच्या ओढ्याचे, म्हणाली. भिवाजीने ते वांग्याच्या भाजीत घातले. एकशेदहा माणसांत कुणाला झिंगा दिसला, कुणाला नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी स्वयंपाकाची वेळ झाली तरी ती आली नाही. आली ती भैरूची पाटी.

“ह्या खेपेला वरल्या अंगाचा डोह धरला भैरूनं,” हैबतराव म्हणाले. “लई माल निघाला म्हनं.”

भिवाजीने पाटीवरचं फडकं बाजूला केलं, आत पाहिलं आणि फडकं पुन्हा नीट झाकलं.

“मालक, हे मी रांधनार न्हाई.”

“मागल्या खेपेला रांधलंस की.”

“रांधलं. त्येच खातंय मला.”

“आरं, मी काय डोहाचा वैरी हाय व्हय? पोरांना मासा लागतोय. तुझी ती बाई मूठभर झिंगं आणती, त्यात मी काय करू?”

“मासा मलाबी लागतोय, मालक. म्या कुटं माळ घातलीय? पर आता म्हैनाभर मासा नगं. सुकट घालू, अंडी घालू. पंधरा दिसांनी एक बोकड कापा, डोकं, पाय, वजडी, काय वाया घालवनार न्हाई मी. डोहाला जरा दम खाऊ द्या. मंग बाईकडनं घेऊ, मिळंल तेवढं.”

“आन् पोरांनी ताटं आपटली म्हंजे? तक्रार वर गेली म्हंजे?”

“त्यास्नी मी सांगतो.”

हैबतराव चिडले नाहीत. चिडायचाही कंटाळा आल्यासारखे ते पाटीशेजारच्या बाकावर बसले आणि त्यांनी तोंडावरून हात फिरवला.

“भिवाजी, तुज्याजागी दुसरा माणूस मला पौडात उद्या मिळतोय. तुला ह्या वयात दुसरी चूल कोन देनार? इचार कर आन् बोल.”

भिवाजीने विचार केला. फार करावा लागला नाही, कारण पंधरा दिवस तो दुसरं काहीच करत नव्हता. गुडघे डोळ्यांपुढे आले, तुळजाबाई आली, खडी फोडत बसलेली गावातली म्हातारी माणसं आली. त्याला भीती वाटली. मग तो फळीवरचा सुकटाचा डबा काढायला वळला.

“मंग सोमवारपास्नं येऊ नगंस,” त्याच्या पाठीला हैबतराव म्हणाले आणि पाटी उचलून घेऊन गेले.

बाराला भोंगा झाला. माणसं आत आली आणि वासावरूनच त्यांना कळलं. साहेबरावने ताट टेबलावर आपटलं, मागून आणखी पाचपन्नास आपटली गेली. भिवाजी पळी हातात घेऊन पुढे आला. त्याला असं बोलायची सवय नव्हती.

“मासं आलं हुतं,” तो म्हणाला. “म्याच न्हाई केलं. तोट्याचं हुतं. मागल्याच्या मागल्या बुधवारी तुमी जे तीन-तीन तुकडं खाल्लं, तेबी तोट्याचंच. तवा म्या बोललो न्हाई. रिह्याच्या डोहात आता मासा न्हाई. सुकटाचं कालवण हाय. पायजे तेवढं घ्या.”

“मामा, पोटाला घाला. कीर्तन नगं,” कुणीतरी मागून म्हणालं आणि हशा पिकला. काहींनी घेतलं, काही ताट तसंच ठेवून नाक्यावर भजी खायला निघून गेले. साहेबराव बसून राहिला. त्याने सुकटात भाकरी कुस्करली, खाल्ली आणि उठताना चांगलं म्हणाला नाही, वाईटही म्हणाला नाही. पातेलं निम्मं उरलं. चुलीपुढच्या इतक्या वर्षांत भिवाजीचं पातेलं निम्मं कधी उरलं नव्हतं. याचं त्याला इतकं वाईट वाटलं की नोकरी गेल्याचं तो तेवढ्यापुरता विसरला.

अडीचच्या सुमाराला गोजराबाई आली. आज पाटी नव्हतीच.

“काय मिळालं न्हाई,” ती पायरीवर टेकत म्हणाली. “दोन दीस सापळं टाकून बघितलं. उशीर झाला.”

भिवाजीने तिला वाढलं. स्वतःलाही वाढून घेतलं आणि तिच्याशेजारी पायरीवर बसला, गुडघे सांभाळत. दोघं जेवू लागली.

“सुकट हाय,” थोड्या वेळाने ती म्हणाली. “सकाळी भैरूची पाटी हिकडं येताना दिसली. म्हनलं, आज परत तेच असंल.”

“परत पाठवली.”

ती जेवायची थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा ताटाकडे. तिच्या चेहऱ्यावरचा शीण जरासा हलला.

“मंग बगा दादा, मी आता वरच्या वळणाला सापळं लावीन. तितं खडक हाय, तोटा टाकाया उतरता येत न्हाई. हळूहळू निघंल. आर्धी पाटी तर आर्धी पाटी. पुढल्या बुधवारी आणू?”

भिवाजीने हातातला घास खाल्ला. पाणी प्यायला.

“आणा,” तो म्हणाला. “पर हितं नगं. भऱ्याला, माज्या घरी आणा. मी आन् तुळजा, दोगंच असू.”

गोजराबाईला सगळं कळायला वेळ लागला नाही. ती आत वळून त्या निम्म्या भरलेल्या पातेल्याकडे, धुऊन पालथ्या घातलेल्या पळ्यांकडे पाहत राहिली. डोळ्यांत आलेलं पदराने टिपलं आणि बोटं पुढे धरून मनाशी काहीतरी हिशेब करत बसली.

“दोगांपुरतं मिळंल,” ती शेवटी म्हणाली. “दोगांपुरतं मिळायला हरकत न्हाई.”